उशीची लोकर आणि सरकणारा मणका

प्रिय डेस भाऊजींस,

चार्लविलहून क्लॅरीचा नमस्कार. तुमच्या कोंबड्या आणि मर्लताईचा गुडघा बरा असेल असं धरून चालतो. (गुडघ्याचं आधी विचारायला हवं होतं. ताईला हे पत्र वाचून दाखवताना क्रम बदला.)

यंदा कंत्राटदाराने अट घातली, कंबर तपासल्याचा दाखला आणील तोच लोकर कातरायला शेडमध्ये येईल. कामगाराच्या हाडांत डोकावायचा हक्क मालकाला कोणी दिला, यावर मी खानावळीत तासभर बोललो, टाळ्या घेतल्या आणि सोमवारी दवाखान्यात गेलो. मोसम बुडवून भागणार होतं थोडंच?

तिथल्या ब्रॉनी नावाच्या फिजिओथेरपिस्टने पाठीला गार जेल फासून सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. म्हणाली, स्थिर फोटोत सगळ्यांचेच मणके शहाणे दिसतात, वाकताना कोण जागा सोडतो ते बघायचंय. वाकलो. पडद्यावर मणके असे शिस्तीत, की आमच्या संघटनेच्या सभेत इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही. दाखला खिशात आल्यातच जमा होता.

"कामावर असेच वाकता?" तिने विचारलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण आपल्या कामाविषयी कोणाचा गैरसमज झालेला मला खपत नाही. गुडघ्यांत मेंढी नसताना ते कसलं वाकणं, म्हटलं. तिने उशी दिली. उशी गुडघ्यांत येताच हात आपोआप चालू लागले, आधी पोट, मग मागचा डावा पाय, मग मान. (अर्धी कातरलेली मेंढी सोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही, मग ती उशी का असेना.) मेंढीच्या पाठीवरून लांब हात मारायला आलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तो बघा, क्लॅरीकाका, निघाला." खालून दुसरा मणका जागा सोडून पुढे सरकत होता, संप फोडणाऱ्यासारखा, गुपचूप.

आता दाखला मिळेल, पण वाकलेल्या अंगाचा भार पेलणारा, छताला स्प्रिंगने टांगलेला तो पट्टा छातीखाली बांधून काम करणार असेन तरच. त्या पट्ट्याविषयी माझं मत तुम्ही नाताळात जेवताना पूर्ण ऐकलंय. माणूस म्हणजे खाटकाच्या दुकानातली तंगडी नव्हे. हे मत आजही कायम आहे, आणि मी तिला ते उभ्याउभ्या ऐकवलं.

"बोला की, काका," ती म्हणाली. "पट्टा बांधून बोला."

तुमचा,
क्लॅरी वेनिंग

ता. क. तुमचे जुने पट्टे गॅरेजमध्ये असतील तर एक पाठवा. खोक्यावर 'पुस्तकं' लिहा, म्हणजे शेडमध्ये कोणी हात लावणार नाही.

आणखी एक. संघटनेच्या सभेत पट्ट्याविरुद्धच्या माझ्या ठरावाला अनुमोदन देणारा म्हातारा ऑगी काल मला एकट्याला गाठून विचारत होता, असला पट्टा मिळतो कुठे, एका मित्राला हवाय. तेव्हा दोन पाठवा. 'खंड पहिला' आणि 'खंड दुसरा' असं लिहा.