जबडा आमच्या खात्यात येतो

५ जानेवारी, महाड
इंटर्नशिप. कॉलेजने महिनाभर इथल्या रुग्णालयात पाठवलंय. आम्ही डेंटलवाले, नर्सिंगच्या मुली आणि फिजिओवाले, सगळ्यांनी म्हणे एकमेकांकडून शिकायचं. मी दातांचा डॉक्टर. फिजिओकडून काय शिकू, दाढेचा व्यायाम? संकल्प : एकत्र लेक्चरला मागच्या बाकावर बसून इम्प्लांटचं वाचणे.

८ जानेवारी
नर्सिंगची दर्शना प्रश्न फार विचारते. पेशंट म्हणतो दात दुखतो; ही विचारणार, झोप लागते का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. आज मला म्हणाली, तुम्ही नाडी बघत नाही का? मी म्हटलं, दाताला नाडी नसते. उत्तर झकास जमलं. ती हसली नाही. विनोदबुद्धी कमी असावी.
इम्प्लांटचं पुस्तक रूमवर राहिलं. उद्यापासून नक्की.

१२ जानेवारी, पोलादपूर
शिबिर. कुडपणहून कोंडाजीकाका आले. आईबाबा मुंबईत, मला वाढवलं काका-काकीनेच. रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते, "ह्यो आमचा डॉक्टर हाय." डावा जबडा दुखतो म्हणाले. "चढन लागली का दुखतंय रे. बसलो का थांबतंय." तोंड उघडलं तर खालची दाढ किडलेली. निदान लगेच.
दर्शना मध्येच म्हणाली, चढतानाच दुखत असेल तर हृदयाचं असू शकतं, आधी ईसीजी काढून घेऊ. मी शांतपणे सांगितलं, जबडा आमच्या खात्यात येतो.
शिबिरावर आलेल्या आमच्या सरांना दाढ दाखवली. चढणीचं बोललो नाही, तो काही दातांचा विषय नाही. सर म्हणाले, काढ.
काढली. अख्खी आली, मूळ मोडलं नाही. काका कापूस चावत हसले. दर्शनाने त्यांना परत ईसीजीचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं.

१५ जानेवारी
काकांना फोन. "येकदम बेस. कायपन दुखत नाय." दर्शनाला मुद्दाम जाऊन सांगितलं. ती म्हणाली, ते चढ चढले का त्यानंतर? काही लोकांना हरणं जमतच नाही.
संकल्प : काकांना त्या जागी नवा दात मी स्वतः बसवणार.

१९ जानेवारी
काका गेले. सकाळी गुरं घेऊन वर चढत होते, वाटेतच बसले. काकीचा फोन आला तेव्हा मी लेक्चरमध्ये होतो.

२० जानेवारी, कुडपण
दाढ खरंच किडलेली होती. ईसीजी काढूनही माणसं जातात. सरांनीही दाढ बघितली होती. सकाळपासून हेच स्वतःला सांगतोय.

२१ जानेवारी
संध्याकाळी काकी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "दुखतच व्हतं रे त्यांना. दाढ काढल्यावरपन. मी म्हनलं, पोराला सांगा. तर म्हनले, नको गो, पैलंच काम हाय त्याचं, मन मोडंल."
दोष देत नव्हती. नुसती सांगत होती. मग विचारलं, जेवलास का?
जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

२ फेब्रुवारी, महाड
एकत्र लेक्चर. मागचा बाक भरलेला, पुढे बसावं लागलं. सरांनी विचारलं, शिबिरातली एखादी केस डेंटलकडून कोण मांडेल? माझा हात वर गेला.
उभा राहिलो. पुरुष, साठीच्या पुढे, चढताना डावा जबडा दुखतो, इथपर्यंत सांगितलं. तिथेच थांबलो.
मग दर्शना उठली. पुढचं तिने सांगितलं. पेशंट माझा कोण आणि दाढ कोणी काढली, एवढं सोडून सगळं.