पत्र्याला सुटलेला घाम

बाबा, तुमच्या गॅरेजला मी भोकं पाडली. दोन्ही बाजूंना, पत्र्याच्या अगदी खाली, हात जाईल एवढी फट ठेवून जाळी बसवून घेतली. तुम्ही असता तर अख्खं मोताळा डोक्यावर घेतलं असतं. थंडी शिरेल, चोर शिरतील, उंदीर शिरतील. शिरू देत. घर माझ्याकडे आलं तसं गॅरेजही आलं. पहिल्याच हिवाळ्यात मी तिथे माझी गाडी आणि शिलाई मशीन ठेवली, संध्याकाळी तुमच्याच वळणाने जमीन धुतली आणि शटर लावलं. सकाळी उघडते तर गाडीचं टप ओलं, मशीनवर थेंब, कपाटाच्या दारावरून ओघळ. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत. वर पाहिलं तर पत्र्याला आतून घाम सुटला होता आणि टपटप खाली पडत होता. एका माणसाला तुम्ही ज्यासाठी चोर ठरवलंत, ते पाणी हे होतं.

तुमची रीतच तशी. दिवे लागायच्या आधी गॅरेजात सडा पडलाच पाहिजे. "लक्ष्मी काय धुळीतून येईन काय?" असं तुम्ही विचारायचात आणि मी बादली घेऊन सगळी जमीन ओली करायची. मग तुम्ही पत्र्याखालच्या बारीक फटींतही पोती कोंबायचात आणि शटर खाली ओढायचात. ओल आतच कोंडायची. रात्री पत्रा गार पडला की तिचं पाणी होऊन खाली यायचं, गाड्यांवर, पान्यांवर आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या डिझेलच्या ड्रमवर. ड्रमच्या उंच काठाच्या आत ते साचायचं आणि बुचाच्या फटीतून झिरपायचं. एवढंच होतं ते.

तुमच्या हाताखाली जो मिस्त्री होता, त्याचं आणि माझं जमलं होतं, आणि ते तुम्हाला नुकतंच कळलं होतं. त्यावरून तुम्ही घरात एक शब्द काढला नव्हता. थंडीतला बाजाराचा दिवस होता. आपल्या ड्रममधलं डिझेल भरून गेलेला ट्रॅक्टर वाटेत बंद पडला, आणि मालकाने टाकीतलं पाणी बाटलीत भरून तुमच्यापुढे धरलं. तुम्ही त्या बाटलीकडे पाहिलंही नाही. तुम्ही मिस्त्रीकडे वळलात.

"काऊन बे, डिझेल इकून खाल्लं अन् पाणी भरलं काय माह्या ड्रमात?"

"नाही उस्ताद. मले काहीच माहीत नाही."

"चोर आहे हा. पाहून घ्या सारे. याले कोनी कामाले ठेवू नका."

बाजाराला आलेली माणसं रस्त्यात थांबून ऐकत होती. त्याने हात पुसले, खुंटीवरचा डबा घेतला आणि निघून गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, कणकेचे हात तसेच. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, चहा टाक. मी टाकला, आणि तो तुम्ही बशीत ओतून निवांत प्यायलात. पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही माझं लग्न उरकलंत. नवरा वाईट नव्हता. मला नको होता, एवढंच.

इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही रागाच्या भरात चुकलात. म्हणून पत्र्याचा उलगडा झाल्यावर मी डोणगावला गेले. तिथे रस्त्याला लागून त्या मिस्त्रीचं लहानसं गॅरेज आहे. केस पांढरे झालेत. बायकोने पाणी दिलं. मी सडा, पत्रा, ड्रम सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"तुम्ही उगाच एवढ्या दूर आल्या," तो म्हणाला. मला आता तुम्ही म्हणतो. "उस्तादले मालूम होतं. रोज सकाळी ड्रमवरचं पाणी तेच फडक्यानं पुसत होते. तुमचं-माहं कळलं, तवापासून पुसनं बंद केलं त्याईनं."

"मंग तुम्ही बोलले काऊन नाही?"

"कोनाले सांगतो? पार दुसरबीड गावापावतर चोर म्हनून नाव गेलतं माहं."

तुम्ही जन्मात कुणाची माफी मागितली नाहीत. आईचीही नाही. शब्दाचा पक्का माणूस म्हणून लोक अजून तुमचं नाव काढतात आणि मी ऐकून घेते. त्या दिवशी मात्र मी त्याला म्हटलं, "बाबा जाताना रडले. तुमचं नाव घेऊन हात जोडले. म्हने, म्या त्या पोराचं वाटोळं केलं."

"खरंच?"

"हाव."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग त्याने बायकोला हाक मारली आणि मला म्हणाला, हिच्यासमोर पुन्हा एकदा सांगा.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. लग्नात सांगते, बाजारात सांगते. त्या दिवशी रस्त्यात उभे असलेल्यांपैकी जे उरलेत त्यांना तर घरी जाऊन सांगून आले. दर वेळी तुम्हाला थोडं अधिक वाकवते. आधी नुसते हात जोडायला लावले होते. परवा एकाला सांगितलं, बाबा म्हणाले, त्याले आना, त्याच्या पायावर डोकं ठेवतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा मी सासरी होते. मुद्दामच उशिरा निघाले. शेवटी तुम्ही काय बोललात, ते मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. खरोखर तसं काही बोलला असाल, तर मला ते ऐकायचं नाही.