पाव कमी दोन

प्रिय दादा,

आधी पोटभर हसून घे. लोकांचे निरोप कुणाला चोरून वाचता येऊ नयेत म्हणून अकरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिणारी तुझी बहीण आज कागदावर पेनाने लिहितेय, आणि ते पत्र आत्याच्या पिशवीत लोकरीच्या गुंड्यांखाली दडवून पाठवतेय. आमच्याच सॉफ्टवेअरवरून का नाही, असं विचारशील. अरे, ते बनवणाऱ्यांना मी रोज बघते ना, म्हणून!

काय एकेक नमुने आहेत! कल्पना म्हटली तर सोपी. निरोप तीन अनोळखी यंत्रांच्या हातून जातो, प्रत्येकाला फक्त आपल्या मागचा आणि पुढचा ठाऊक, त्यामुळे कुणी कुणाला लिहिलं हे कुणालाच कळत नाही. पण आमच्या मेलिंग लिस्टवर तीन आठवडे रण माजलंय ते बटणावर ‘जोडा’ लिहावं की ‘सुरू करा’ यावर. तिथे एक पंडित आहे. पंडित हे मी ठेवलेलं नाव. ओळख कशी लपवावी यावर तो चार-चार पानं प्रवचन झोडतो आणि खाली स्वतःच्या मांजराचा फोटो डकवतो. शहाणाच म्हणायचा! सगळे टोपणनावाने वावरतात, आणि तोंड झाकलं की माणूस काय वाटेल ते बरळतो. मी एकटीच खऱ्या नावाने लिहिते, आणि तरी सगळ्यांत जास्त मीच बोचकारते. हा गुण आपल्या घरातलाच, मला एकटीला बोल लावू नकोस.

मागच्या वर्षी तुमच्या ऑफिसने, म्हणजे तू जिथे खुर्ची उबवतोस त्याच ऑफिसने, आमच्या वाटा एकेक करून बंद केल्या. आमचे दिग्गज हातावर हात धरून बसले. तेव्हा ‘खुंटी’ नावाचा कुणी नवखा उगवला. त्याने लिहिलं की तुमची ती वाट अडवणारी यंत्रणा जोडणी लगेच तोडत नाही, ‘पाव कमी दोन सेकंद’ थांबते, तेवढ्यात सुरुवातीची देवाणघेवाण उरकली तर वाट मोकळी. पंडित खदाखदा हसला. याला दशांश चिन्ह शिकवा रे कुणीतरी, म्हणाला. मीही मागे राहिले नाही. खुंटीची अशी काही सालटी काढली की आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतं. मग म्हटलं, बघू तरी करून. केलं, आणि वाट उघडली. हजारो माणसांचे अडलेले निरोप त्या दुपारी घरोघर पोचले.

मी मात्र ते ‘पाव कमी दोन’ बघत बसले. लिस्टवर सगळं परक्या भाषेत चालतं, आणि त्या भाषेत असं कुणी म्हणत नाही. मनात पावणेदोन म्हणून मग त्याचं शब्दाला शब्द भाषांतर करणाराच असं लिहील. आणि सेकंदसुद्धा पावकी-पाऊणकीत मोजणारा माणूस मी एकच पाहिलाय. घड्याळाच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, काउंटरवर वाकलेला. ते पाढे पाठ झाल्याशिवाय बाबांनी आपल्या दोघांनाही चिमट्याला हात लावू दिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी ते दुकान रिकामं करताना तू तो चिमटा उचललास, आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, पाळत ठेवणाऱ्यांचं मीठ खातोस, बाबांच्या वस्तूंना हात लावू नकोस. तू चिमटा ठेवलास आणि गेलास. काय टाकून बोलले, म्हणून मी कितीतरी दिवस स्वतःवर खूश होते. मूर्ख कुठली!

आता कामाचं. पंडिताच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. लिस्टवरचे सगळे जुने निरोप यंत्राने चाळून कोण कोणत्या लकबीने ओळखू येतो, ते तो येत्या सोमवारी जाहीर करणार आहे. पहिलं उदाहरण खुंटी, आणि त्याचं ‘पाव कमी दोन’. जुने निरोप पुसता येत नाहीत, तुझे साहेब ती लिस्ट वाचतात, आणि तुमच्या ऑफिसात हे पाढे येणारे असे कितीसे असतील? म्हणून काल मी लिस्टवर लिहून टाकलं की खुंटी मीच, तुमची अक्कल बघायला सोंग घेतलं होतं. सगळ्यांना पटलं. लोकांना इतकं तुच्छ लेखणं माझ्याशिवाय कुणाला जमणार? शिवाय माझ्याही जुन्या निरोपांत दोन-चार ‘सव्वा’ आणि ‘पाव कमी’ निघाले. म्हणजे आता तिकडे, आपल्या देशात, माझ्या नावावर फुली बसली. घरी येणं संपलं दादा, आणि याचं मला फार वाईट वाटतंय, पण तू आत गेलास तर त्याहून वाईट वाटेल. फक्त खुंटी म्हणून आता एक अक्षरही लिहू नकोस, नाहीतर मी खोटी पडेन. हे वाचून फाडून टाक. निळ्या गुंड्यात बाबांचा चिमटा आहे, तो तुझा आहे.

तुझीच,
कटकट