लोड लावल्याशिवाय

शंकर नगर, रायपूर
रविवार

तीर्थरूप रामकृष्ण काकाजींना,

नरेशचा कान धरून नमस्कार. (एका हातानं लिहितो आहे, म्हणून सध्या एकच धरला आहे. दुसरा तुम्ही आल्यावर.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा पायाला बांधता की अजून खुंटीलाच? इकडे उल्का आणि स्वरदा ठीक आहेत. मी ठीक नाही, पण त्यात तब्येतीचा काही दोष नाही.

फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "अ‍ॅम्प्लिफायर वाजून राहिला न बे?" आणि तिन्ही वेळा मी "मस्त!" म्हणालो. काकाजी, ते खोटं होतं. तो एकदाही वाजला नाही. तो जळला, आणि मी जाळला.

वनमाला काकूंच्या वर्षश्राद्धाला नागपूरला आलो, तेव्हा तो वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तुम्ही माझ्या मांडीवर आणून ठेवलात. रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर घरी बसून बांधलेला. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची तार तुम्ही गुंडाळलेली, वेढे काकूंनी मोजलेले. "मले एकट्याले आयकवत नाही. तू लाव. दसऱ्याले तिच्या भजनाची कॅसेट घेऊन येतो, तुह्या घरी आयकू," एवढं म्हणून तुम्ही चष्मा पुसत आत गेलात. ज्याला तुम्ही घरातला बल्बही कधी बदलू दिला नाही, त्या माझ्या हाती हे दिलंत, याचा मला इतका अभिमान वाटला की रायपूर येईपर्यंत ते धूड मी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सोबत तुमची चिठ्ठी होती. एकच ओळ, खाली दोन रेघा: "लोड लावल्याबिगर चालू करू नोको."

तुमच्या खात्यात लोड म्हणजे स्पीकर, हे मला आता माहीत आहे. पण काकाजी, आमच्या घरात लोड म्हणजे गादीवर टेकायचा! तुम्ही भजन म्हणालात. भजन म्हणजे बैठक, बैठक म्हणजे लोड. मला तर ती चिठ्ठी वाचून गहिवरून आलं. काकूंचा आवाज कोणी खुर्चीत पाय हलवत ऐकू नये, अशी तुमची इच्छा असणार, असं मी धरलं. उल्कानं विचारलं होतं, "पण मशीनले लोड काहून पाहिजे?" मी तिला म्हणालो, "हे भावनेचं आहे, तुले नाही समजणार." (हे वाक्य ती आता मला रोज ऐकवते, भाजीत मीठ कमी पडलं तरी.) चार लोड भरून घेतले. खोळींच्या कापडाला पंडरीच्या कापड बाजारात गेलो, तर ठोकवाला तीस मीटरच्या खाली तोडेना. म्हणून आता लोड, पडदे, सोफा आणि टीव्हीवरचं झाकण एकाच मेंदी रंगाचं आहे. स्वरदा विचारते, "पापा, लोड कहाँ है? दिख ही नहीं रहा."

एका रविवारी सकाळी चाचणी ठेवली. शेजारचे श्यामराव आले, लोडाला टेकले. स्पीकर कोपऱ्यात तयार होते, पण तारा जोडल्या नव्हत्या. कारण मागे तुमच्या जुन्या सेटच्या तारा मी एकमेकींना चिकटवल्या, तेव्हा तुम्हीच ओरडला होतात, "तार शेवटी जोडत जाय!" ते मी आयुष्यभरासाठी लक्षात ठेवलं. बटण दाबलं, वॉल्व्ह लालसर उजळले, श्यामरावांनी हात जोडले. एक गाणं लावून दिलं आणि वॉल्व्ह लवकर तापावेत म्हणून आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं (शेगडी मोठी करतात तसं). मग आतून चर्र झालं. स्वरदा म्हणाली, "पापा, कुछ जल रहा है." श्यामराव म्हणाले, "नवं हाय, वास तर येतेच." त्यांचं ऐकून मी आणखी दोन मिनिटं थांबलो. ती दोन मिनिटं मला सारखी आठवतात.

इथल्या उरला औद्योगिक वसाहतीत सोनियादीदींचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. तिथे ट्रान्सफॉर्मरचा तो ठोकळा नेला. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "भैया, बिना लोड के चला दिए थे का?" मी ताठ होऊन सांगितलं, "नहीं दीदी, पूरे चार लोड लगाए थे!" त्या चपापल्या. "चार? कितने ओहम के?" मी म्हणालो, "रुई के." दुकानातल्या सगळ्या मोटरी बंद झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की वॉल्व्हच्या यंत्राला स्पीकर नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधली वीज जाणार कुठे? ती आतच फुटते. हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मी तुम्हाला एक फोन केला असता, तर तुम्ही दोन मिनिटांत सांगितलं असतं, त्यातलं एक मिनिट शिव्यांचं.

काकाजी, गेलेल्या तारेची भरपाई होईल. पण ते वेढे मोजणारी आता नाही, आणि हे मला ठोकळा जळल्यावर लक्षात आलं. मला फार वाईट वाटतं. तुम्ही दसऱ्याला येऊ नका, असं सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. कोणत्या तोंडानं तुम्हाला त्या बैठकीवर बसवू?

तुमचा अपराधी,
नरेश

ता. क. : येऊ नका म्हणालो ते खोडा. दसऱ्याच्या आठ दिवस आधीच या, आणि तार गुंडाळायचा तुमचा तो हातरहाट घेऊन या. तार सोनियादीदी देणार आहेत. स्पीकर मी आधी जोडून ठेवतो. येताना लोड आणू नका.

ता. क. २ : हे लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. दीदींनी ठोकळा उकलला तेव्हा तारेच्या थरांमधले कागद निघाले, ते काकू कापून तुमच्या हातात द्यायच्या ना, तेच. बहुतेक काळे पडले आहेत. आठव्या थराचा शाबूत आहे. त्याच्या मागे निळ्या पेनानं काकूंचं अक्षर आहे: "इथे दोन वेढे जास्त झाले. यांना सांगितलं नाही. पुन्हा उकलत बसतील, गुडघा दुखतो." कागद जपून ठेवला आहे. तुम्ही या. या खेपेला मोजायला मी बसतो. दोन जास्त झाले, तर सांगणार नाही.