खाडीकडच्या खिडक्या

सर, आजही नव्या जागेवर गेले की पहिल्या दिवशी मी मापाची टेप पिशवीतून काढत नाही. ही तुमची सवय. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई अजून बरीचशी नकाशातच होती. रबाळ्याच्या पुढे, खाडीकडच्या गावाला लागून आपल्याला शाळा बांधायची होती. मी कॉन्व्हेंटमधून थेट आर्किटेक्चरला गेलेली, तुमच्या ऑफिसात सगळ्यांत नवी. "इथे वारा कुठून येतो?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "नैऋत्येकडून." "पुस्तकातून येतो म्हण की!" म्हणत तुम्ही खिशातून उदबत्ती काढून पेटवता, आणि आपण दोघं भर दुपारी तिच्या धुराकडे बघत उभे राहतो. गावातला एक म्हातारा थांबून विचारतो, "सायेब, पूजा कोनाची?" तुम्ही म्हणता, "वाऱ्याची." कुत्री दुपारी कुठे झोपतात, भरतीचं पाणी कुठवर चढतं, मासळी कुठे वाळते, सगळं तुम्हाला हवं असे. एका माणसात एवढं कुतूहल मावतं कसं, याचंच मला कुतूहल वाटायचं.

बायकांशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. शाळेच्या जागेमागे उंच झुडपं होती आणि त्यांत शिरणारी एक पायवाट. ती कुठे जाते, असं मी विहिरीवरच्या एका बाईंना विचारलं. त्या हसल्याच. "कुठं जाते? घरात सोय नाय, आमी बायका सकाल-सांज तिकडंच जातो. बाप्या मानूस कोन फिरकत नाय. तू बाय हाय म्हनून सांगितलं. लिव तुज्या कागदावर."

मी लिहिलं नाही. नकाशा बोर्डावर लावला तेव्हा तुमचं बोट नेमकं त्या वाटेवर थांबलं. "ही कुठे जाते गं?" भोवती ऑफिसातले सगळे पुरुष उभे. माझ्या तोंडून ते निघेना. "कुठेच नाही, सर. झुडपं आहेत नुसती." मग तुम्ही वर्गांच्या खिडक्या तिकडेच काढल्यात, मुलांना खाडीचा वारा मिळावा म्हणून.

शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरात त्या खिडक्या बंद झाल्या. का, ते शिक्षक सांगेनात, गावही सांगेना. तुम्ही पुन्हा उदबत्ती घेऊन गेलात. धूर छान वर्गात येत होता. मला बाहेर त्याच बाई भेटल्या. "लिवलं नाय ना तू?" एवढंच म्हणाल्या. वारा अडू नये म्हणून झुडपं तोडली गेली होती. आता बायका त्या खिडक्यांसमोरूनच बांध उतरून, भरती-ओहोटी बघून, चिखलातून जात होत्या.

आणि तुम्ही समजलात की जागा वाचायला तुम्हीच चुकलात. पुढे ऑफिसात कोणी नवं आलं की त्याला ती शाळा दाखवायचात. "इथे मी काहीतरी विचारायला विसरलो. काय, ते अजून कळलेलं नाही." मी शेजारीच उभी असायची. तुम्ही विसरला नव्हतात, सर. तुम्ही मला विचारलं होतंत.

हे पत्र तुमच्या मुलीला द्यावं असं मनात होतं. देणार नाही. ती "एवढंच ना?" म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला आले होते, तेव्हा तुम्ही मधेच डोळे उघडून विचारलंत, "त्या खिडक्या का गं बंद ठेवत असतील?" खोलीत आपण दोघंच होतो. मी तुमची उशी सारखी केली आणि म्हटलं, "वारा जास्त येत असेल, सर."