हिर्डोशीतला लाकडी मानसिंग

मुक्काम हिर्डोशी, संस्थान भोर
पौष महिना, १९४४

चिरंजीव मानसिंग यास थोरला भाऊ कुंडलिक याचे आशीर्वाद पोचावेत. इकडे माणसं-जनावरं धडधाकट आहेत. तुझा खोकला गेला की नाही ते कळव, आणि गेला नसला तरी गेला असंच लिही, कारण पत्र घरात मोठ्याने मला वाचावं लागतं.

तू पलटणीबरोबर गेल्यापासून तुझ्या लेकरांसाठी मी स्वतःच्या हाताने केलं ते असं: पाळणा एक, पांगुळगाडा एक, ज्याची चाकं करकरत नाहीत, बाजीला बंदूक एक (हे पत्र मध्ये कोणी साहेब उघडून वाचत असतील तर त्यांना नमस्कार, बंदूक लाकडी आहे), बयाला पोळपाट-लाटणं, आणि तू. तुला शिवणीच्या लाकडात केला आहे. सुतारकी मला कोणी शिकवली नाही हे तुला ठाऊक आहे, साहेबांना नसेल म्हणून लिहितो.

तुला करायची वेळ का आली ते ऐक. बया तू गेल्यावर जन्मली. बा म्हणजे काय हे तिला कळेना, म्हणून तिने आधी टपालवाल्याला बा म्हटलं, मग बैल बघायला आलेल्या एका दलालाला. टपालवाला सज्जन म्हणून लाजला. दलाल लाजला नाही. त्याच दिवशी मी वाकस आणि पटाशी ही सुतारी हत्यारं काढली आणि तू धाडलेला फोटो समोर ठेवला. नाक, टोपीचा कल, छातीवरची बटणं, सगळं फोटोबरहुकूम उतरलं आहे. मिशी तर खऱ्या केसांची आहे (सावळाराम धनगराच्या काळ्या बोकडाची, पण तेल लावल्यावर कळत नाही).

आता एक बारीक गोष्ट. फोटो गुडघ्यापाशी संपतो, म्हणून तूही तिथेच संपतोस. डोळ्यांनी पाहिलं नाही ते पटाशीने काढायचं नाही, हा माझा नेम. तुझी वहिनी म्हणाली, "अवं, मानसाला गुडघ्याखाली काय असतं ह्ये बी फोटूतनं बघाया लागतं व्हय? धडधाकट मानूस अर्धा करून ठेवलाय, चांगलं दिसतं का?" तिला कसं समजवावं? पाय असतात हे मलाही मान्य. पण बूट किती उंच, वर पट्ट्या कशा गुंडाळतात, गाठ आतून की बाहेरून? तू इथून गेलास तो अनवाणी गेलास. अंदाजाने काम करणारी माणसं गावात पुष्कळ आहेत.

तुला पडवीत खांबाशी उभा केला आणि घराला शिस्त लागली. बाजी उठला की आधी तुला सलाम ठोकतो, मग तोंड धुतो. शेरडांनासुद्धा तो रांगेत चालवतो, आणि ती चालतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पंचाईत झाली ती तुझ्या कारभारणीची, सोजराबाईची. तुझ्यासमोर ती डोक्यावरचा पदर खाली येऊ देईना, तुझ्याकडे पाठ करून बसेना, आणि जेवेनाही. माझ्याशी तर ती थेट बोलत नाही, थोरला दीर ना मी. म्हणून मी समोर बसलेला असताना बाजीला म्हणाली, "बाजी, थोरल्या बाबास्नी सांग, ह्यांचं तोंड जरा पल्याड करा, मला घास उतरंना." मी तुझं तोंड गोठ्याकडे केलं. आता म्हैस दूध चोरते.

बया मात्र तुझ्यावर जीव टाकते. रोज नाचणीच्या भाकरीचा तुकडा तुझ्या तोंडाला लावते, मग स्वतः खाते. तुझ्या मिशीला मुंग्या लागतात, त्या मी झटकतो. असा बाप पंचक्रोशीत कोणाच्या पोरीला नाही, हे मी अभिमानाने म्हणतो, आणि म्हणतच होतो, तेवढ्यात मागल्या पंधरवड्यात कामथडीचा गेनू आला. तुझ्याच पलटणीतला, रजेवर, तुझा निरोप घेऊन, पुऱ्या गणवेशात. उंबऱ्याबाहेर गुडघ्यापर्यंत ओट्याआड उभा होता तोवर बया "बा, बा" करत धावली. माझी छाती भरून आली. मग गेनू ओटा चढून वर आला. बयाने त्याला टोपीपासून खाली बघत आणलं, आणि गुडघ्यापाशी येऊन तिने जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या आळीत गेली. "ह्याला पाय हायती," म्हणून माझ्या धोतरात शिरली. बाजीने गेनूवर बंदूक रोखली. गेनू बिचारा म्हणाला, "कुंडलिकदादा, म्या लढाईत जर्मनाला भ्यालो न्हाई, पन ह्या पोरीनं माझे पाय लटपटवले."

तेव्हा गेनूचे बूट मापून मी तुला पाय केले (गाठ बाहेरून असते). ते लावल्यापासून बया त्यांच्यावर गोणपाट टाकते आणि मगच भाकरी भरवते. तू चैत्रात रजेवर येशील असं गेनू सांगतो. तीन वर्षांनी बाप दारात यावा आणि लेक किंचाळून पळावी, हे मला बघवणार नाही. तुला तर नाहीच. बाकी सर्व क्षेम. काम उत्तम झालं आहे, यात शंका नाही.

तुझा,
कुंडलिक

ता. क. बूट भोरातच काढ आणि खांद्याला अडकवून ये. अंगणात भात वाहायचा मोठा हारा ठेवीन, त्यात गुडघ्यापर्यंत उभा राहा. हसू नको, तिला हसणारा बा माहीत नाही. ती तुकडा घेऊन येईल, तो मुकाट खा. हाऱ्यातून एकेक पाय बाहेर कधी काढायचा ते मी खूण करीन.

ता. क. दुसरं. सारोळ्याचे आनंदराव मुकादम येऊन गेले. खडकीला लढाईच्या कारखान्यात मिस्त्री पाहिजेत, माझं काम बघून जागा लगेच देतो म्हणाले. फाल्गुनातच हजर व्हायचं, आणि वर्षभर रजा नाही. पण गेनूला भ्यायल्यापासून बया नव्या माणसाजवळ जाते ती माझ्या कडेवरूनच. हाऱ्यापर्यंत तिला आणायचं कोणी? नको म्हणून सांगितलं. राहायला खोली आणि महिना पासष्ट रुपये देत होते.