टोकाच्या वरचं पाव इंच

पनवेल,
गुरुवार, ८ जानेवारी १९५९

प्रिय रूबीताई,

शालोम. तुझं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. उलट्या थांबल्या, जेवण जातंय, हे वाचून दाखवलं तर आईने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा स्वतः वाचलं. तेव्हापासून रोज दुपारी चष्मा लावून ती तेच पत्र घेऊन बसते. बाबा म्हणतात, "अगं, नवीन काही आलेलं नाही त्यात. कालचंच आहे." ती म्हणते, "तुम्ही पेपर दोनदा वाचता तेव्हा मी बोलते का?"

जुडाहभाऊजींना आमच्या सगळ्यांचा शालोम सांग.

घरात आवराआवर चालली आहे. मोठं कपाट गेलं, बाबांची आरामखुर्ची शाळेच्या हेडमास्तरांनी मागून घेतली. आता बाबा वर्तमानपत्र ट्रंकेवर बसून वाचतात. आम्हा तिघांचेही तुमच्या देशात यायचे कागद मंजूर होऊन आले आहेत आणि विमान फेब्रुवारीच्या शेवटी आहे. म्हणजे एप्रिलमध्ये तुझे दिवस भरतील त्याच्या आधी आई तुझ्याजवळ असेल. गेल्या बाळंतपणात तुझ्याजवळ कोणी नव्हतं, ते आई अजून बोलत नाही. पण भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबतो तेव्हा मला कळतं. आळीत कोणी विचारलं की सांगते, "जाणार तर तिघं जाऊ, नाहीतर कोणीच नाही. लग्नाची मुलगी मागे ठेवून मी पाऊल उचलणार नाही."

आता तुझ्या गोधडीचं.

तू पाठवलेला नमुन्याचा तुकडा पाहिला. बिरशेबाला रात्री इतकी थंडी पडते, तर बाळाला गोधडी हवीच, आणि ती आपल्या घरची बगळेपट्टीच हवी, हे वाचून आईला फार बरं वाटलं. अर्ध्या पट्ट्या आम्ही इथे करतोय, अर्ध्या तू कर, आई तिथे आल्यावर तुम्ही दोघी जोडा. पण ताई, तुझे बगळे बोथट झाले आहेत. एकाही त्रिकोणाला वर टोक नाही, म्हणजे चोचच नाही. आईने तुकडा उजेडात धरला आणि म्हणाली, "ही कोंबडी आहे."

तू लिहिलं आहेस, 'एवढं सगळं लिहीत बसू नकोस, आलीस की दाखव.' तरी लिहिते. वेगळ्या कागदावर आकृत्याही काढल्या आहेत.

तू आईच्या जुन्या पद्धतीने आधी त्रिकोण कापतेस आणि मग जोडतेस. आईचा हात बसलेला आहे म्हणून तिला जमतं. आपल्याला नाही जमत, कारण तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं. शिवताना बोटाने जरा ओढलं की त्रिकोण लांबतो. म्हणून त्रिकोण कापूच नकोस. बगळ्यासाठी साडेचार इंच रुंद आणि अडीच इंच उंच असा आडवा तुकडा घे. आभाळासाठी अडीच इंचाचे दोन चौकोन घे. एक चौकोन आडव्या तुकड्याच्या उजव्या टोकाला, सुलट्यावर सुलटी बाजू ठेवून बसव. त्या चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मार, वरून मध्याकडून खाली बाहेरच्या बाजूला उतरणारी. रेघेवरून टीप घाल. मग बाहेरचा कोपरा, टिपेबाहेर पाव इंच माया ठेवून, काप आणि चौकोन उलटून वर दुमड. झालं उजवीकडचं आभाळ. डावीकडे तसंच कर. दुसरा चौकोन पहिल्यावर थोडा चढेल. घाबरू नकोस, तो चढायलाच हवा.

पहिल्यांदा मी हे आईला करून दाखवलं तेव्हा ती कापलेल्या कोपऱ्यांकडे पाहत राहिली. म्हणाली, "एवढं कापड टाकायचं? तुझ्या कॉलेजात हेच शिकवलं?" मला ते लागलं. मग विचार करून असं काढलं की कापायच्या आधीच, बाहेरच्या बाजूला अर्ध्या इंचावर दुसरी टीप घालायची आणि दोन टिपांच्या मधून कात्री चालवायची. म्हणजे कापलेला कोपरा आपोआप दुरंगी चौकोन होऊन हातात येतो. आईने तो उलटसुलट करून पाहिला. मग बाबांना हाक मारली, "अहो, बघा. बी.ए.चा खर्च वसूल व्हायला लागला."

इस्त्री करताना माया आभाळाच्या बाजूला दाब, बगळ्याच्या बाजूला नको. दाब म्हणजे दाबच, पुढेमागे घासू नकोस.

आणि मुख्य गोष्ट. तुकडा पुरा झाला की बगळ्याच्या टोकाच्या वर पाव इंच कापड उरलेलं दिसेल. ते चुकीचं वाटतं, टोक काठापर्यंत पोचलं नाही असं वाटतं. तू ते फालतू समजून कापून टाकतेस. तिथेच तुझी चोच जाते. ते पाव इंच पुढच्या तुकड्याशी जोडताना शिवणीत जातं, आणि टोक बरोबर शिवणीवर येऊन टेकतं. टीप टोकाच्या एक दोरा वरून जाऊ दे, खालून नको.

उजव्या-डाव्यात घोळ झाला तर आकृती क्रमांक दोन पाहा.

उद्या खाडीपलीकडे उलव्याला जायचं आहे. माझ्या पनवेलच्या शाळेला शुक्रवारी दुपारून सुट्टी, तेव्हा मी होडीने तिथे शिकवायला जाते, हे तुला मागे लिहिलंच होतं. मिठागरावरच्या मुली देवळाच्या ओसरीत बसतात. गोदू म्हणून एक आहे, ती यंदा सातवीच्या परीक्षेला बसणार. त्या गावातून आजवर एकही मुलगी बसलेली नाही. अपूर्णांक तिला मी बगळेपट्टीच्या तुकड्यांवर शिकवले. आता ती पाव आणि अर्धा असं काही बोलते की मला हसू येतं.

आता थांबते. उद्या उलव्याहून परतेपर्यंत शब्बाथचे दिवे लावायची वेळ होईल. उरलेलं रविवारी.


रविवार, ११ जानेवारी

ताई, वरचं सगळं पुन्हा वाचून पाहिलं. शिवणाचं बरोबर आहे. बाकीचं अर्धवट आहे.

शुक्रवारी गोदूची आई भीमाबाई होडीपाशी आली होती. मिठागरावरून तशीच आलेली, पायांना मीठ सुकलेलं. म्हणाली, "बाई, तुमी परदेशी जाताव असं आयकलं. खरं हाय का?" मी म्हटलं, घरचे जाताहेत. ती म्हणाली, "घरचे गेलं त जाऊंदे. तुमी गेल्याव का माझी पोर पुन्ना मिठावं जाईल. दुसरी बाई काय येनार नाय आमच्या चिखलान." मग वळता वळता, "मी आरवं येत नाय. आईबापाला सोर म्हनून मी कशी सांगू. पन इचारून ठेवलं," असं म्हणून ती गेली.

मी होडीत बसले. उत्तर मला माहीत होतं, आणि ते तिने विचारण्याच्या बऱ्याच आधीपासून माहीत होतं. मी येत नाही, ताई.

हे वाक्य मी गुरुवारी लिहायला बसले होते आणि त्याच्याऐवजी गोधडी लिहीत गेले. मला वाटलं, सगळं शिकवून टाकलं तर मग ते एक वाक्य लहान होईल. तसं होत नाही.

आज सकाळी आई चहा घेऊन आली. मी आकृत्यांवर शाई फिरवत होते. तिने वरचा कागद उचलला, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचला. मग खालचा वाचला.

"हे रूबीला?"

"हो."

"तिथे जाऊन दाखवणारच आहेस ना?"

मी दौतीचं झाकण लावलं.

"महिन्या-दीड महिन्यात भेटणाऱ्या बहिणीला कोणी एवढं लिहीत नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही, आणि मला लिहायची हौस आहे."

मग मी सांगितलं. ती मशीनवर जाऊन बसली आणि शिवायला लागली. टीप रेघ सोडून वाकडी गेली, तरी ती शेवटपर्यंत शिवत गेली. मग सुईच्या टोकाने एकेक टाका उसवायला बसली. उसवताना विचारलं, "कोणी आहे का?"

"कोण?"

"कोण म्हणजे काय. कोणी मास्तर वगैरे."

"नाही आई. गोदू आहे. तिच्यामागे अजून मुली आहेत."

"मास्तर असता तर रागवायला सोपं गेलं असतं," आई म्हणाली.

मला कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळालं होतं, तुला आठवत असेल. नवा देश, शिक्षण, कर्तव्य, या शब्दांवर मी टाळ्या घेतल्या होत्या. आईसमोर त्यातला एकही शब्द वापरावासा वाटला नाही. एवढंच म्हटलं, की तिकडे शिकवणाऱ्या बाया मिळतील, उलव्याला मिळणार नाहीत. मी शिकले ते घरात सगळ्यांनी माझ्यासाठी जागा करून दिली म्हणून शिकले. गोदूच्या घरी जागा करणारी एकटी तिची आई आहे.

"आणि रूबीसाठी कोण?" आईने विचारलं.

"तू."

"म्हणजे तू मला न विचारता तिला देऊन टाकलंस."

यावर मला रडू आलं. तिला आलं नाही. म्हणाली, "ते तिघं जाऊ नाहीतर कोणी नाही, ते मी लोकांना सांगत होते की तुला, तेच आता मला कळेना." मग उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत, "एप्रिलमध्ये ती पुन्हा एकटी पडली, तर मला इथे तुझ्याजवळ बसून राहवणार नाही. आणि तिथे गेले की तू एकटी. मी कुठेही बसले तरी माझी एक बाजू उघडीच." ती उठून आली आणि तिने आकृती क्रमांक दोनवर बोट ठेवलं. "ही मोठी काढ. ती घाईची आहे. बारीक अक्षर वाचायची नाही."

मी ती नव्याने मोठी काढली आहे. सोबत जोडते.

दुपारी आई शेजारच्या जोकबेदमावशींकडे गेली. मावशी काही जाणार नाहीत, त्यांचा तसा विचारच नाही. तिथे दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण आई परत येऊन म्हणाली, "तिच्याकडची आतली खोली तुला. तिला घोरायची सवय आहे, ती तू सहन कर. तुझी पहाटे उठून मोठ्याने वाचायची सवय ती सहन करील." बाबा सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "मग माझी आरामखुर्ची परत आणता येईल का? आपल्या झिल्पाला लागेल." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा पेपर वाचू लागले. पण ताई, पेपर उलटा होता.

ताई, तू रागावशील. रागाव. मला हवं ते लिही, सगळं वाचेन. पण आई तिथे पोचल्यावर तिच्यासमोर नको. ती तुझ्याकडे येताना काय मागे ठेवून येते आहे, ते ती कोणाला सांगणार नाही, तुलाही नाही. तिला पहिले काही दिवस शिवायला बसव. तू टोकं चुकवलीस तरी चालेल, तिला उसवायला काम मिळेल. आणि बाळ झालं की मला तार कर, मुलगा-मुलगी नंतर, आधी तू बरी आहेस ते कळव.

संध्याकाळी प्रार्थनालयातले हजानसाहेब आले होते, मलिद्याचं ठरवायला. विमानाच्या आदल्या गुरुवारी आपल्याकडे गोड पोह्यांचा मलिदा करायचा, आळीतल्या सगळ्यांना बोलवायचं, आणि प्रवासाला जाणाऱ्यांच्या नावाने प्रार्थना म्हणायची. आईने त्यांना नावं सांगितली. आधी बाबांचं, मग स्वतःचं. हजानसाहेब तिसऱ्या नावासाठी थांबले.

आई म्हणाली, "दोनच. झिल्पा वाढायला आहे."

इतकं बोलून ती पोहे भिजवायचं माप विचारायला लागली.

यापुढची पत्रं माझ्या एकटीच्या नावाने टाक.

तुझी,
पनवेलची
झिल्पा